कायद्यातील लिंगविचार : हैदराबादच्या एका फसली कायद्याच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर ह्या शाळेत मराठीचे व्याकरण शिकवीत राहिले. मीही व्याकरणाचाच माणूस. कायद्याचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोग्यापुरताच आला आहे. असे असताना 'कायद्याने स्त्री कोणाला म्हणावे आणि पुरुष कोणाला' ह्या वादावर मी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु आज इंग्लंड-अमेरिकेतील न्यायालये ज्या प्रश्नाशी झटत आहेत, तो व्याख्येचा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाचे एक जुने, दुःखद आणि पुष्कळ शिकवणारे प्रकरण आपल्या ह्या हैदराबाद शहरातच घडून गेले आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. इंग्रजीत 'सेक्स' आणि 'जेंडर' असे दोन शब्द आहेत. मराठीत त्या दोन्हींसाठी, शिवाय शरीराच्या अवयवासाठीही, 'लिंग' हा एकच शब्द पुष्कळ काळ पुरवून वापरला गेला. अलीकडे अभ्यासकांनी 'लिंगभाव' हा शब्द रूढ केला, पण तो अजून पुस्तकातच आहे. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. तेथेही शब्द 'लिंग' हाच आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या दहाव्या कलमात 'पुरुष' म्हणजे कोणत्याही वयाची पुरुषजातीची व्यक्ती आणि 'स्त्री' म्हणजे कोणत्याही वयाची स्त्रीजातीची व्यक्ती, अशा आशयाची व्याख्या होती. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत अशी व्याख्या लिहिली असती तर मी त्याला गुण दिले नसते. तरी दीडशेहून अधिक वर्षे तिच्यावर काम चालले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती जवळजवळ तशीच आली. कारण सरळ आहे : बहुतेक प्रसंगी कोणाला शंका येतच नाही. शंका येते तेव्हा मात्र ही व्याख्या मुकी होते.

आपण हैदराबादकर ह्या बाबतीत थोडे सुदैवी आहोत. घरात मराठी, रस्त्यावर दखनी उर्दू आणि बाजारात तेलुगू असे आपले जगणे. उर्दूत लिंगे दोनच; तेथे खुर्चीलाही स्त्री व्हावे लागते. मराठीत तीन. तेलुगूत एकवचनी क्रियापद पाहिले तर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सर्व जग. 'वच्चिंदि' हे रूप आलेल्या बाईला लागते तसेच आलेल्या बसलाही लागते. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात तिन्ही भाषा बोलल्या जात आणि एकाच बाईला तीन भाषांत तीन प्रकारे वागवले जाई; तिचे काही बिघडत नसे. तिकडे कोकणीत तरुण मुलीला नपुसकलिंगी रूप चालते आणि आपल्याकडे 'ते पोरगं' म्हणताना त्या पोराचे पुरुषत्व कोणी हिरावून घेत नाही. भाषा जगाची विभागणी आपल्या सोयीने करते.

हे जुन्या वैयाकरणांना चांगले ठाऊक होते. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांवर लिहिताना पतंजलीने महाभाष्यात हाच प्रश्न उपस्थित केला आहे. स्त्री कोण, पुरुष कोण आणि नपुंसक कोण, हे शरीरावरच्या खुणांवरून ठरवावे, असा एक पक्ष तो मांडतो. आणि लगेच त्याच्यातील अडचणी दाखवतो. स्त्रीवेष घेतलेल्या नटाला मग स्त्रीलिंगी प्रत्यय लावावा लागेल. खाट आणि झाड ह्यांच्या शरीरावर तर अशा खुणाच नाहीत, तरी एक शब्द स्त्रीलिंगी आणि दुसरा पुल्लिंगी आहे. शेवटी शब्दाचे लिंग लोकव्यवहारावरून समजून घ्यावे, त्याचे शास्त्र करता येत नाही, अशा निष्कर्षाकडे चर्चा येते. पतंजली अर्थातच शब्दांच्या लिंगाविषयी बोलत होता, माणसांच्या नव्हे. ही मर्यादा मी विसरलेलो नाही. पण शरीराच्या खुणांवर उभी केलेली व्याख्या पहिल्याच अवघड उदाहरणाला कोसळते, हे त्याच्या ध्यानात आले होते. हा स्त्रीवेषधारी नट थोडा लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्या कामी येणार आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकिर्दीत, फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात हिजड्यांविषयी एक कायदा झाला. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ ची. उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग आणि हा कायदा एकाच काळातले आहेत. शहरात राहणाऱ्या ज्या हिजड्यांवर मुले पळवण्याचा, त्यांचे खच्चीकरण करण्याचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्यांचा संशय असेल, त्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे नोंदवहीत लिहून ठेवावीत, असे त्या कायद्यात होते. नोंदलेला हिजडा स्त्रीच्या पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर अथवा सार्वजनिक जागी दिसला, किंवा तेथे नाचला-गायला, तर त्याला वॉरंटावाचून अटक करता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होत. सोळा वर्षांखालील मुलगा त्याच्या घरात किंवा ताब्यात आढळला तरी शिक्षा तीच.

ह्या कायद्याची व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. इंग्रजी पाठात 'युनक' हा शब्द आहे, आणि जे पुरुष आपण नपुंसक असल्याचे कबूल करतात किंवा वैद्यकीय तपासणीत जे स्पष्टपणे तसे दिसतात, त्या सर्वांचा त्यात समावेश होतो, असे म्हटले आहे. हे शब्द हैदराबादेत घडलेले नाहीत. १८७१ च्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता आणि त्यात हीच व्याख्या होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ चा नवा कायदा झाला तेव्हा त्यात हिजड्यांचा भाग राहिला नाही. ब्रिटिशांनी टाकून दिलेले वस्त्र आपण उचलले आणि पुढे शंभर वर्षे सांभाळले.

व्याख्या करताना तिचे प्रयोजन काय, हा पहिला प्रश्न असावा, असे आम्ही वर्गात सांगत असू. येथे प्रयोजन मुलांना पळवून नेण्यास आळा घालण्याचे होते, निदान तसे सांगितले गेले होते. मुले पळवणे हा गुन्हा आधीपासूनच होता आणि तो कोणीही केला तरी गुन्हाच होता. मग व्याख्येत मुले पळवणारा कोठे आहे? तेथे आहे एक शरीर, आणि ते शरीर एका कामाला असमर्थ आहे. मूल होत नाही म्हणून देवळोदेवळी नवस करणारे कितीतरी गृहस्थ ह्या व्याख्येच्या शब्दांत बसले असते. त्यांच्यामागे पोलीस गेले नसते, कारण कायद्याला खरोखर कोणाला पकडायचे होते ते त्याने व्याख्येत लिहिलेच नव्हते. साडी नेसून टाळी वाजवीत दारात येणारी ती माणसे त्याला हवी होती. शरीराची तपासणी हे निमित्त होते.

आता पतंजलीचा नट आठवावा. हा कायदा झाला त्याच काळात मराठी रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते आणि त्यांच्या साड्या-दागिन्यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत, हे आपल्या आजी-आईंनी आपल्याला सांगितलेले आहे. पुरुषाने स्त्रीवेष घेऊन लोकांसमोर गावे, ह्यात कायद्याला काही वावगे वाटत नव्हते. नोंदवहीत नाव असलेल्या माणसाने त्याच साडीत रस्त्यावर गाणे म्हटले तर मात्र दोन वर्षे कैद. कृती एकच असता ती गुन्हा ठरावी की कला, हे करणाऱ्याच्या शरीराच्या व्याख्येवर अवलंबून राहिले. जातिव्यवस्थेचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना हा विचार अनोळखी वाटणार नाही.

१९४८ मध्ये संस्थान गेले, १९५० मध्ये संविधान आले, १९५६ मध्ये मराठवाड्याचे जिल्हे तोडून मुंबई राज्याला जोडले गेले आणि उरलेल्या तेलुगू मुलखाचे आंध्र प्रदेशात विलीनीकरण झाले. कायदा नाव बदलत राहिला. आंध्र प्रदेशाच्या कायद्यांच्या संग्रहात तो 'तेलंगणा क्षेत्राचा' म्हणून उरला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री ह्यांनी राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. माणसाचे लिंग ठरवताना शरीराच्या कसोटीपेक्षा त्याच्या मनाची कसोटी मोठी मानावी, तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख असावी आणि स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी म्हणवावे हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा असावा, असे त्या निकालाचे सार आहे. संविधानातील तो व्याख्या नसलेला 'लिंग' शब्द न्यायालयाने रुंद केला. त्यानंतर सातच आठवड्यांनी, २ जून २०१४ रोजी, तेलंगणा राज्य जन्माला आले आणि त्याने वारशाने आलेले कायदे स्वीकारले, त्यांत हाही होता. सर्वोच्च न्यायालयाचा असा निकाल आणि असा कायदा ही दोन्ही नऊ वर्षे एकाच शहरात शेजारी नांदली.

त्याला आव्हान मिळाले ते वैजयंती वसंता मोगली आणि इतरांच्या २०१८ च्या जनहित याचिकेने. तेलंगणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान आणि न्या. सी. व्ही. भास्कर रेड्डी ह्यांच्या खंडपीठाने ६ जुलै २०२३ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. सबंध समुदायाला जन्मजात संशयित मानणारा हा कायदा समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या अधिकाराचा, म्हणजे अनुच्छेद १४ आणि २१ चा, भंग करतो, असे न्यायालयाने म्हटले. फसली सन मोजणारी माणसे संपली, तरी फसली कायदा तोवर जिवंत होता.

येथपर्यंत माझे काम सोपे होते. वाईट कायद्याला वाईट म्हणायला विद्वत्ता लागत नाही. खरी अडचण चांगल्या कायद्यांची आहे. स्त्रियांसाठी राखीव जागा हा चांगला कायदा आहे. मग त्या जागेसाठी स्त्री कोण?

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे प्रकरण आले तेव्हा न्या. रवींद्र घुगे ह्यांनी जानेवारी २०२१ मध्ये अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. आपण स्त्री म्हणूनच यापुढे सर्व आयुष्य घालवू, पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून लाभ मागणार नाही, असे उमेदवाराचे म्हणणे होते. न्यायालयाने त्याची नोंद घेतली. त्या निवडूनही आल्या.

चार वर्षांनी ह्याच स्वरूपाचा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. स्कॉटलंडने २०१८ मध्ये सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा केला आणि लिंगबदलाचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या व्यक्ती त्या निम्म्यांत धराव्यात काय, असा वाद स्त्रियांच्या एका संघटनेने नेला. १६ एप्रिल २०२५ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मतः, शरीराने स्त्री. लिंग बदललेल्या व्यक्तींना भेदभावापासून त्याच कायद्यात वेगळे संरक्षण आहे आणि ते कायम राहते, असेही त्यांनी नमूद केले.

भादलीचा निकाल एक, लंडनचा दुसरा. ह्यातला एक अडाणी आणि दुसरा प्रगत, असे म्हणण्याचा मोह दोन्ही बाजूंच्या मंडळींना होतो. मला तो होत नाही. ब्रिटनमधील त्या स्त्रियांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. स्त्रियांना शतकानुशतके जे सोसावे लागले ते त्यांच्या शरीरामुळे : पाळी, बाळंतपण, बलात्काराचे भय, गर्भातच होणारी हत्या. आपल्या देशात गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा करावा लागला. तेथे गर्भातल्या जिवाला कोणी त्याचे मन विचारले नव्हते. त्या कायद्यातील 'लिंग' शरीराचेच आहे आणि तसेच असले पाहिजे. दुसऱ्या बाजूला, पंचायतीत बसून पाणीपुरवठ्याच्या ठरावावर हात वर करण्यासाठी गर्भाशय लागत नाही. तेथे गावाने कोणाला आजवर बसू दिले नाही, हे पाहावे लागते. त्या कसोटीवर भादलीच्या उमेदवाराचा हक्क मला स्त्रियांच्या हक्काला छेद देणारा वाटत नाही.

म्हणून सर्व कायद्यांना एकच व्याख्या पुरेल, ही समजूत मला वैयाकरणाची चूक वाटते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या आदेशात ती अगदी टोकाला गेली आहे. गर्भधारणेच्या क्षणी जी व्यक्ती मोठी बीजपेशी निर्माण करणाऱ्या जातीची ती स्त्री आणि लहान बीजपेशी निर्माण करणाऱ्या जातीची तो पुरुष, असे तेथे ठरवले आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात हा भेद योग्य ठिकाणी शोभतो. परंतु पारपत्राच्या खिडकीत बसलेला कारकून कोणाची बीजपेशी पाहणार? तो पूर्वीप्रमाणे जन्मदाखलाच पाहणार, आणि जन्मदाखल्यावर सुईणीने किंवा डॉक्टरने एका नजरेत जे पाहिले तेच लिहिलेले असणार.

ती नजर क्वचित चुकते, आणि चुकते तेव्हा त्या मुलावर काय ओढवते, ह्याची उदाहरणे खेळाच्या मैदानावर सापडतात. स्पेनची अडथळा-शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो हिच्या पेशींत १९८५ मध्ये कोबे येथील विद्यापीठ क्रीडास्पर्धेच्या वेळी वाय गुणसूत्र आढळले. तिचे शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नव्हते, म्हणजे त्या गुणसूत्राचा तिला धावताना काडीचा उपयोग नव्हता. तरी ती स्पर्धांतून बाद झाली आणि परत यायला तिला १९८८ उजाडले. आपल्या ओडिशाच्या द्युती चंद हिने लोझानच्या क्रीडा लवादाकडे दाद मागून जुलै २०१५ मध्ये संप्रेरकाच्या पातळीचा नियम स्थगित करून घेतला. पुढे नियम पुन्हा बदलले आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांसाठी जनुकाची चाचणी आणली. खेळात मोजमाप लागते, हे मला मान्य आहे. धावणे हे शरीराचे काम आहे. पण चाळीस वर्षांत कधी गुणसूत्र, कधी संप्रेरक, कधी जनुक अशी मोजपट्टी तीनदा बदलावी लागली, ह्यावरून शरीराचे उत्तर वाटते तितके उघडे नसते, एवढे तरी मान्य व्हावे. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये संदिग्ध लिंगाच्या तान्ह्या बाळांवर केवळ 'नीट दिसावे' म्हणून शस्त्रक्रिया करू नयेत, असा आदेश दिला. कागदावरच्या रकान्यात बसावे म्हणून बाळाला कापणे, ह्याहून व्याख्येचा मोठा अत्याचार मला सुचत नाही.

कायद्याने एखाद्या कामासाठी शरीराची कसोटी मागितली, तर त्या कामाला शरीर का लागते हे आधी कायद्याने सांगावे. तपासणीच्या टेबलावर झोपणाऱ्याने स्वतःची बाजू मांडावी, ही रीत उलटी आहे. फसली सन १३२९ चा कायदा ह्या प्रश्नाला एक दिवसही टिकला नसता.

एक गोष्ट सांगून थांबतो, आणि ती माझ्या दोषाची आहे. १९८६ साली मी लिंगविचार शिकवीत होतो. नपुसकलिंगाची उदाहरणे द्यायला मी सांगितले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी वर्गातल्याच एका मुलाचे नाव घेतले. वर्ग हसला. तो मुलगा बारीक आवाजाचा, कविता फार सुरेख म्हणणारा. मी वर्गाला गप्प केले, पण त्याआधी मीही हसलो होतो आणि त्याने ते पाहिले होते. पुढच्या सत्रात तो आला नाही.

२०२१ मध्ये पन्नाशीच्या एक बाई माझ्या दारात आल्या. "सर, ओळखलंत?" एवढेच त्यांनी विचारले आणि आवाजावरून मी ओळखले. २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यांची धडपड चालली होती. एका कार्यालयात जुनी गुणपत्रिका आणि आजचे नाव एकाच व्यक्तीचे आहे असे जुन्या शिक्षकाचे पत्र मागितले होते. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. मराठीत भूतकाळाचे क्रियापदसुद्धा लिंग सांगितल्याखेरीज पुरे होत नाही. 'होता' लिहू की 'होत्या'? 'विद्यार्थी' की 'विद्यार्थिनी'? पस्तीस वर्षे मी जे शिकवले ते सारे त्या एका क्रियापदाशी येऊन उभे राहिले. त्या समोर बसून चहा पीत होत्या. त्यांनाच विचारावे असे मला उशिरा सुचले. "होत्या लिहा, सर," त्या म्हणाल्या, "तेव्हाही होतेच की." मी तसे लिहिले.

चार दिवसांनी पत्र परत आले. मराठी चालत नाही, इंग्रजीत आणावे, असा शेरा होता. इंग्रजीत लिहिले, तेथे क्रियापदाला काही विचारायचे नव्हते.